गेम झोनमधील प्रीपेड कार्ड आणि वेळेचा पास: दर कसे वाचावेत आणि हिशेब कसा करावा

गेम झोनच्या काउंटरवर उभे राहिले की समोरच्या फलकावर दोन प्रकारचे दर दिसतात. एका बाजूला कार्डात भरायच्या रकमा आणि त्यांवर मिळणारा बोनस असतो, तर दुसऱ्या बाजूला अर्धा तास, एक तास, दोन तास अशा पासांचे दर असतात. मागे रांग वाढत असते, सोबतची मुले यंत्रांकडे धावत सुटलेली असतात, आणि आपण बहुधा मधला पर्याय निवडून मोकळे होतो. थोडी तयारी असेल तर हाच निर्णय दोन मिनिटांच्या हिशेबाने पुष्कळ चांगला घेता येतो. त्यासाठी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते: या दोन पर्यायांत वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. कार्डावर आपण खेळांची संख्या विकत घेतो आणि पासावर यंत्रांजवळ घालवायचा वेळ विकत घेतो. संख्येची आणि वेळेची तुलना थेट करता येत नाही. ती करण्यासाठी आपल्या खेळण्याचा वेग माहीत असावा लागतो, आणि तो कोणत्याही फलकावर लिहिलेला नसतो.

नाण्याच्या जागी कार्ड आल्याने काय बदलले

१९७२ साली अटारी कंपनीने ‘पाँग’ हे यंत्र बाजारात आणले तेव्हापासून पुढची काही दशके खेळाचा दर नाण्याने ठरवला. यंत्राच्या फटीतून जे नाणे आत जाईल तोच दर, किंवा त्याची पूर्ण पट. जपानमध्ये १९७८ साली टायटो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आल्यानंतर एका खेळाला १०० येनचे एक नाणे हा दर इतका रूढ झाला की १९८९ साली तिथे ३ टक्के उपभोग कर लागू झाला आणि २०१९ पर्यंत तो १० टक्क्यांवर गेला, तरी गेम झोनच्या अनेक चालकांना तो गिऱ्हाइकाकडून घेता येईना, कारण नाण्याच्या फटीला १०३ किंवा ११० येन समजत नाहीत. अशा वेळी चालकाकडे दोनच मार्ग उरत असत. एक तर थेट दोन नाणी मागायची, म्हणजे दर दुप्पट करायचा, किंवा खेळ आखूड अथवा अवघड करायचा.

कार्डाने हे बंधन मोडले. यंत्रावर बसवलेला रीडर कार्ड वाचतो, मध्यवर्ती संगणकाकडून शिलकीची खात्री करून घेतो आणि पूर्वी नाणे पडल्यावर यंत्राला जो विद्युत संकेत मिळत असे, तसाच संकेत पाठवतो. यंत्राला आपला दर ठाऊक नसतो. त्याला फक्त ‘खेळ सुरू कर’ एवढेच कळते. दर संगणकात राहतो, आणि म्हणून तो ७० असू शकतो, ७३ असू शकतो, सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असू शकतो, नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या कार्डाला वेगळा असू शकतो. कोणत्या यंत्रावर कोणत्या तासाला किती खेळ झाले याची नोंदही त्याच संगणकात जमा होत असल्याने चालकाला दर बदलून त्याचा परिणाम पाहता येतो. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की मागच्या भेटीत पाहिलेला दर आजही तोच असेल असे धरून चालू नये; रीडरच्या छोट्या पडद्यावर दिसणारा आकडा प्रत्येक वेळी वाचावा.

कार्डामुळे आणखी एक गोष्ट झाली. बहुतेक ठिकाणी कार्डात पैसे जमा न होता ‘क्रेडिट’ किंवा ‘पॉइंट’ जमा होतात, आणि एका क्रेडिटची किंमत एका चलनी एककाएवढी असतेच असे नाही. एकदा रक्कम भरली की पुढे प्रत्येक खेळाला किती पैसे गेले हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पहिला नियम असा ठेवावा की कार्ड हातात येताच एका क्रेडिटचा खरा दर काढून तो लक्षात ठेवायचा, आणि त्यानंतरचे सगळे हिशेब पैशांत करायचे.

कार्डाचा दर कसा काढावा

दिलेल्या रकमेला मिळालेल्या एकूण क्रेडिटने भागले की एका क्रेडिटचा दर मिळतो. उदाहरणासाठी असे समजू की फलकावर तीन रकमा आहेत: ५०० एकक भरल्यास ५०० क्रेडिट, १,००० भरल्यास १,२०० क्रेडिट आणि २,००० भरल्यास २,६०० क्रेडिट. पहिल्या पर्यायात एका क्रेडिटला १ एकक पडतो, दुसऱ्यात सुमारे ०.८३ आणि तिसऱ्यात सुमारे ०.७७. कार्ड पहिल्यांदा घेताना वेगळे शुल्क लागत असेल तर तेही वरच्या रकमेत मिळवावे. लहान रकमेच्या कार्डावर या शुल्काचा भार बराच जाणवतो, म्हणून जुने कार्ड जपून ठेवणे हीसुद्धा बचतच आहे.

बोनसची टक्केवारी आणि सवलतीची टक्केवारी यांत गल्लत होऊ देऊ नये. २० टक्के बोनस म्हणजे २० टक्के सूट नव्हे. १,००० मध्ये १,२०० क्रेडिट मिळाली तर सूट सुमारे १६.७ टक्के होते. ‘दुप्पट क्रेडिट’ या घोषणेत १०० टक्के बोनस असतो, पण सूट ५० टक्के असते. बोनस जितका मोठा दिसतो तितके हे अंतर वाढत जाते, आणि फलकावर नेहमी मोठा दिसणारा आकडाच लिहिला जातो.

आता मोठ्या रकमेचा मोह. तिसरा पर्याय दर क्रेडिटमागे सर्वांत स्वस्त आहे हे खरे, पण ते सगळी क्रेडिट वापरली तरच. २,००० एकक भरून १,५०० क्रेडिटच वापरली गेली तर वापरलेल्या प्रत्येक क्रेडिटला सुमारे १.३३ एकक पडला, म्हणजे बोनस नसलेल्या पहिल्या पर्यायापेक्षाही महाग. दुसऱ्या पर्यायाच्या ०.८३ या दराशी बरोबरी साधायला २,६०० पैकी २,४०० क्रेडिट वापरावीच लागतात. थोडक्यात, मोठ्या कार्डावर आपल्याला चुकण्यासाठी फक्त २०० क्रेडिटची जागा आहे. हा एकच हिशेब मी प्रत्येकाला करायला सांगतो, कारण मोठ्या रकमेचे समर्थन करताना माणूस ‘पुढच्या वेळी वापरू’ असे म्हणतो आणि ती पुढची वेळ क्रेडिटची मुदत संपण्यापूर्वी येईलच असे नसते.

न वापरलेली शिल्लक हा या व्यवसायाचा गृहीत धरलेला भाग आहे. कार्डात भरलेली रक्कम लेखाशास्त्राप्रमाणे चालकाचे उत्पन्न नसून देणे असते. खेळ दिला की ते उत्पन्न होते. २०१८ पासून लागू झालेल्या ‘आयएफआरएस १५’ या आंतरराष्ट्रीय मानकात तर अशी तरतूद आहे की आगाऊ घेतलेल्या रकमेपैकी काही भाग गिऱ्हाईक कधीच वापरणार नाही असा रास्त अंदाज असेल, तर तो भागही बाकीच्या वापराच्या प्रमाणात उत्पन्न म्हणून धरता येतो. म्हणजे आपल्या कार्डात पडून राहिलेली क्रेडिट कोणाच्या तरी अंदाजपत्रकात आधीच मोजलेली असू शकतात. यात काही गैर नाही, पण ती आपल्या अंदाजपत्रकातही मोजलेली असावीत.

शिल्लक उरण्याचे दुसरे कारण दरांच्या आकड्यांत असते. खेळ ७०, ८०, ९० आणि ११० क्रेडिटचे असतील तर शेवटी १० किंवा ४० क्रेडिट उरतात, ज्यांत काहीच खेळता येत नाही, आणि मग आणखी थोडी रक्कम भरण्याची इच्छा होते. यावर उपाय सोपा आहे. शिल्लक २०० ते ३०० क्रेडिटवर आली की थांबावे आणि उरलेले खेळ असे निवडावेत की बेरीज पूर्ण जुळेल. १९० उरली असतील तर ११० आणि ८०. २३० उरली असतील तर ७०, ७० आणि ९०. मुलांना ही बेरीज करायला दिली तर ती आवडीने करतात, आणि शेवटचे दोन-तीन खेळ घाईत न उधळता निवडून खेळले जातात.

अनेक ठिकाणी भरलेली रक्कम आणि बोनस यांची शिल्लक वेगवेगळी ठेवली जाते. बोनसमधून काही खेळ खेळता येत नाहीत (विशेषतः पंजाने खेळणे उचलायची यंत्रे आणि आभासी वास्तवाचे खेळ), आणि बोनसची मुदतही आधी संपू शकते. म्हणून आधी कोणती शिल्लक वजा होते हे काउंटरवर विचारून घ्यावे. भरलेली रक्कम आधी संपत असेल तर ज्या खेळांना बोनस चालत नाही ते सुरुवातीलाच खेळून घ्यावेत. नाहीतर शेवटी हातात शिल्लक असते पण हव्या त्या यंत्रावर ती चालत नाही.

एका खेळाची किंमत क्रेडिटमध्ये मोजू नका

दोन यंत्रांवर ८० क्रेडिट असाच आकडा असला तरी त्यांची किंमत सारखी नसते. गाडीच्या शर्यतीचा खेळ तीन मिनिटे चालतो, बास्केटबॉल टाकण्याचा खेळ जेमतेम एक मिनिट चालतो, आणि एअर हॉकीच्या एका टेबलावर एकाच दरात दोन माणसे पाच मिनिटे खेळू शकतात. मिनिटाचा हिशेब केला तर शर्यतीला माणशी सुमारे २७ क्रेडिट, बास्केटबॉलला ८० क्रेडिट आणि एअर हॉकीला माणशी ८ क्रेडिट पडतात. दहापट फरक आणि यंत्रांवरचा आकडा एकच.

खेळाची लांबी यंत्राच्या निर्मात्याने कायमची ठरवून दिलेली नसते. शर्यतीतील फेऱ्यांची संख्या, बास्केटबॉलचे सेकंद, नेमबाजीच्या खेळातील अवघडपणा, पिनबॉलमध्ये तीन चेंडू द्यायचे की पाच, हे सर्व चालकाला यंत्राच्या आतल्या मेनूतून बदलता येते. त्यामुळे दर न वाढवताही खेळ महाग करता येतो, आणि दर वाढवूनही तो स्वस्त ठेवता येतो. माझ्या भाच्याबरोबर एका गेम झोनमध्ये गेलो असताना मी पहिली वीस मिनिटे काहीच न खेळता घड्याळ लावून इतरांचे खेळ मोजले. भाच्याला ते मुळीच पटले नाही, पण त्या वीस मिनिटांत त्या ठिकाणचे तीन-चार सर्वांत चांगले खेळ कळले आणि नंतर आमची क्रेडिट निम्म्याने जास्त वेळ पुरली. इतका वेळ काढणे शक्य नसेल तर निदान आपल्या आवडीच्या दोन खेळांची वेळ मोजावी.

अर्थात प्रत्येक खेळ मिनिटांत मोजणे योग्य नाही. ज्या खेळात एका मिनिटात भरपूर आनंद मिळतो तो महाग असला तरी खेळावा. मोजायचे ते यासाठी की महाग खेळ आपण जाणून निवडलेला असावा.

वेळेचा पास नेमके काय देतो

पासाचा तर्क समजण्यासाठी चालकाच्या बाजूने पाहावे लागते. व्हिडिओ खेळाच्या यंत्रावर आणखी एक खेळ झाला तर चालकाचा वाढीव खर्च जवळजवळ शून्य असतो. जागेचे भाडे, वीज, कर्मचारी आणि यंत्राचा हप्ता हे सगळे यंत्र रिकामे असतानाही चालूच असते. तिकिटे देणाऱ्या यंत्राचे तसे नाही. तिथे प्रत्येक खेळातून तिकिटे बाहेर पडतात आणि तिकिटांच्या बदल्यात वस्तू द्याव्या लागतात. पंजाच्या यंत्रात तर वस्तू थेट यंत्रातूनच जाते. म्हणूनच पासात व्हिडिओ खेळ मोकळ्या हाताने दिले जातात, तिकिटांचे खेळ एक तर वगळले जातात किंवा त्यांत पासावर तिकिटे मिळत नाहीत, आणि बक्षीस देणारी यंत्रे बहुतेक वेळा पासाबाहेर राहतात. ज्याला तिकिटे जमवून वस्तू घ्यायची आहे त्याने पास घेण्यापूर्वी ही एक अट वाचली तरी पुरे.

प्रत्येक खेळाचे वेगळे पैसे घ्यावेत की एकरकमी, हा प्रश्न आर्केडपुरता, म्हणजे गेम झोनपुरता, नाही. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १९५५ साली सुरू झाले तेव्हा प्रवेशाचे पैसे वेगळे आणि प्रत्येक राइडचे पैसे वेगळे असत. थोड्याच महिन्यांत राइडच्या कूपनांची पुस्तके आली, ज्यांत अक्षरांनुसार राइडच्या प्रती ठरलेल्या होत्या, आणि १९५९ मध्ये सर्वांत वरच्या प्रतीचे ‘ई’ कूपन आले. १९८२ मध्ये ही पद्धत बंद होऊन एकाच प्रवेशशुल्कात सर्व राइड देण्यात आल्या. मधल्या काळात, १९७१ साली, वॉल्टर ओई या अर्थशास्त्रज्ञाने याच दुहेरी दराचे विश्लेषण केले: प्रवेशाचे किती घ्यावेत आणि प्रत्येक वापराचे किती, हा त्याचा प्रश्न होता. प्रीपेड कार्ड हे कूपनांच्या पुस्तकाचे नवे रूप आहे आणि पास हे एकरकमी प्रवेशशुल्काचे. काही आर्केड तर शुद्ध प्रवेशशुल्कावरच चालतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ब्रुकफील्ड येथे २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘गॅलपिंग घोस्ट’ या आर्केडमध्ये दिवसाचे एकच शुल्क घेऊन सर्व यंत्रे विनानाणे खेळू दिली जातात.

गिऱ्हाइकाच्या दृष्टीने दोन्हींमधला सर्वांत महत्त्वाचा फरक रांगेत दिसतो. कार्डावर वाट पाहण्याला काही लागत नाही. दहा मिनिटे रांगेत उभे राहिले तरी एकही क्रेडिट कमी होत नाही. पासावर वाट पाहण्याचेही पैसे आपणच भरतो. यंत्र बंद पडले, मूल पाणी प्यायला गेले, कोणता खेळ खेळायचा यावर दोन भावंडांचे भांडण झाले, तरी घड्याळ चालूच राहते. म्हणून तोच पास ओस पडलेल्या सकाळी स्वस्त असतो आणि गर्दीच्या संध्याकाळी महाग, जरी त्याची छापील किंमत बदललेली नसली. चालकही हे जाणून असतो. काही ठिकाणी पास गर्दी नसलेल्या दिवसांसाठीच विकला जातो, कारण रिकाम्या तासांत यंत्रे चालती ठेवणे हाच त्याचा हेतू असतो.

पासाचे घड्याळ केव्हा सुरू होते हे अवश्य विचारावे. ते पैसे भरताक्षणी सुरू होत असेल तर पास घेण्यापूर्वी सर्वांनी हात धुणे, सामान ठेवणे, यंत्रे पाहून ठेवणे हे उरकून घ्यावे. ते पहिल्या टॅपपासून, म्हणजे रीडरला पास पहिल्यांदा टेकवल्यापासून, सुरू होत असेल तर पहिला टॅप करण्यापूर्वी एक फेरी मारून कोणती यंत्रे मोकळी आहेत ते पाहावे. याशिवाय एका यंत्रावर टॅप केल्यानंतर त्याच यंत्रावर पुन्हा टॅप करण्यापूर्वी काही मिनिटे थांबावे लागते का, हेही पाहावे. एकाच पासावर दोघांनी शेजारशेजारी खेळू नये यासाठी अनेक प्रणालींत असा विराम घातलेला असतो. ज्याला एकच खेळ पुन्हा पुन्हा खेळायचा आहे त्याच्यासाठी हा विराम पासाचा अर्धा फायदा खाऊन टाकतो.

दोन्हींची तुलना

वरच्याच उदाहरणातील दुसरे कार्ड घेऊ, ज्यात एका क्रेडिटला सुमारे ०.८३ एकक पडतो, आणि असे समजू की आपल्या आवडीचे खेळ सरासरी ८० क्रेडिटचे आहेत. म्हणजे एका खेळाला सुमारे ६७ एकक. एका तासाचा पास ९०० एककांचा आहे. ९०० ला एका खेळाच्या ६७ एककांनी भागले तर साडेतेरा मिळतात. तासाभरात १४ किंवा त्याहून जास्त खेळ होणार असतील तर पास घ्यावा, १३ किंवा कमी होणार असतील तर कार्ड.

आता तासात आपले किती खेळ होतात? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण ते फक्त खेळाची लांबी धरतात. तीन मिनिटांच्या खेळाचे तासात २० खेळ होतील असे वाटते, पण एका खेळातून उठून दुसऱ्या यंत्रापर्यंत जाणे, बसणे, टॅप करणे, गाडी आणि रस्ता निवडणे यांत किमान एक मिनिट जाते. सकाळी यंत्रे मोकळी असताना हे मधले अंतर एक मिनिट धरले तर दर खेळामागे चार मिनिटे लागतात आणि तासात १५ खेळ होतात, पास फायद्याचा. थोडी गर्दी असून मधले अंतर दोन मिनिटे झाले तर १२ खेळ होतात. कार्ड फायद्याचे, कारण त्या १२ खेळांना कार्डावर ८०० एककच लागले असते. गर्दीच्या वेळी हे अंतर पाच मिनिटांवर गेले तर तासात सातच खेळ पुरे होतात, आणि ९०० एककांच्या पासावर एका खेळाला जवळपास १२९ एकक पडतात, म्हणजे कार्डाच्या जवळजवळ दुप्पट. फलकावरचे सगळे आकडे तेच राहिले. बदलले ते फक्त दोन खेळांमधले अंतर.

म्हणून पास घ्यायचा की नाही हे ठरवताना खेळांची यादी पाहण्याऐवजी गर्दीकडे पाहावे. आत जाऊन आपल्या आवडीच्या पाच यंत्रांपैकी किती मोकळी आहेत ते मोजावे. तीन किंवा अधिक मोकळी असतील तर पासाचा विचार करण्यासारखा आहे. एकच मोकळे असेल तर कार्ड घ्यावे.

एका प्रकारच्या खेळाडूसाठी मात्र हे गणित अपुरे पडते. नेमबाजीच्या आणि कथानकाच्या खेळांत आपला गडी मेला की पडद्यावर उलटे आकडे सुरू होतात आणि पुढे जाण्यासाठी पुन्हा टॅप करावा लागतो. कार्डावर अशा प्रत्येक टॅपला पैसे लागतात, आणि नवशिक्याला खेळाच्या शेवटापर्यंत पोहोचायला असे दहा-पंधरा टॅप सहज लागतात. पासावर ते लागत नाहीत, पुन्हा टॅप करण्यापूर्वीचा विराम आड येत नसेल तर. ज्याला एक लांब खेळ शेवटपर्यंत पाहायचा आहे किंवा एखाद्या खेळात हात बसवायचा आहे, त्याला पासाइतकी चांगली सोय नाही. पैशांची धास्ती नसल्यावर माणूस हरण्याला घाबरत नाही, आणि हरायला न घाबरता खेळल्यावरच खेळ येतो. मला व्यक्तिशः पासाचे हे मोल बचतीपेक्षा मोठे वाटते.

घरची मंडळी सोबत असताना

कार्डातली शिल्लक सर्वांनी मिळून वापरता येते, पास मात्र माणशी एक लागतो. चौघांचे कुटुंब असेल आणि त्यात दोघेच मनापासून खेळणारे असतील तर चार पास घेणे उघडच चूक आहे. दोन पास आणि मोठ्यांसाठी एक लहान कार्ड पुरते. अगदी लहान मूल असेल तर त्याच्यासाठी पास घेण्यापूर्वी विचार करावा, कारण लहान मुले एका यंत्रावर बराच वेळ नुसती बसून राहतात, बंद पडद्यासमोरही स्टिअरिंग फिरवत रमतात, आणि त्या वेळाचे पैसे पासात जातात पण कार्डातून जात नाहीत. दहा-बारा वर्षांच्या मुलाचे उलटे असते; ते धावत एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाते, आणि त्याच्या हातात पास दिला तर तो वसूल होतो.

एकच कार्ड तिघांत फिरत असेल तर दर वेळी कार्ड कोणाकडे आहे हे शोधण्यात वेळ जातो, पण कार्डावर वेळेला किंमत नसल्याने ते चालते. उलट प्रत्येकाला वेगळे कार्ड दिले तर तीन ठिकाणी थोडी थोडी शिल्लक अडकते. शेवटी ती एका कार्डावर एकत्र करून मिळते का, हे विचारावे. बऱ्याच ठिकाणी काउंटरवर हे करून देतात, फक्त कोणी मागत नाही. जमलेली तिकिटेही कार्डावरच नोंदलेली असतील तर ती अशीच एकत्र करता येतात, आणि तीन लहान वस्तूंऐवजी एक बरी वस्तू मिळू शकते.

तिकिटांबद्दल एवढे पाहावे की बक्षिसांच्या काउंटरवर आपल्याला हवी असलेली वस्तू किती तिकिटांना आहे, आणि एका खेळात आपल्याला सरासरी किती तिकिटे मिळतात. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून आलेल्या खेळांच्या संख्येला एका खेळाच्या पैशांनी गुणले की त्या वस्तूची खरी किंमत कळते. ती बाजारातल्या किमतीपेक्षा बरीच जास्त निघते. तरी मुलाने स्वतः कमावलेली वस्तू म्हणून ती घ्यावीशी वाटली तर जरूर घ्यावी.

टॅप केल्यावर आणि पास संपताना

रीडरने क्रेडिट वजा केली आणि यंत्र सुरू झाले नाही तर तिथेच दुसऱ्यांदा टॅप करू नये. यंत्राचा क्रमांक आणि वेळ लक्षात ठेवून कर्मचाऱ्याला बोलवावे. प्रत्येक टॅपची नोंद संगणकात असल्यामुळे ती तपासून क्रेडिट परत देणे अवघड नसते. मात्र दोन-तीनदा टॅप केले असेल तर कोणता खेळ झाला आणि कोणता नाही हे सांगणे कठीण होते. पासावर असे झाले तर गेलेली मिनिटे वाढवून मागावीत, आणि ती तेव्हाच मागावीत, कारण पास संपल्यावर ती मोजायची कशी हा प्रश्न दोन्ही बाजूंना पडतो.

निघताना कार्डातली शिल्लक, तिची मुदत आणि बोनसची मुदत असे तिन्ही आकडे विचारून कार्डाच्या मागे किंवा फोनमध्ये लिहून ठेवावेत. कार्ड आपल्या नावावर किंवा फोन क्रमांकावर नोंदवता येत असेल तर नोंदवावे. नोंद नसलेले कार्ड हरवले तर त्यातली शिल्लक परत मिळवणे फार कठीण असते.

पासाबाबत शेवटची आणि उपयोगी गोष्ट अशी की रीडर फक्त खेळ सुरू करतो, चालू खेळ थांबवत नाही. पास संपायला एक मिनिट उरले असताना सुरू केलेला खेळ साधारणपणे पूर्ण खेळू दिला जातो. म्हणून शेवटची पाच मिनिटे उरली की जवळचे आखूड खेळ सोडून सर्वांत लांब चालणाऱ्या यंत्राच्या रांगेत जाऊन उभे राहावे, आणि आपला शेवटचा टॅप तिथे करावा.